पेलेट स्मोकरचा गळणारा धूर: एका यंत्राचे आणि त्यावरील उपायांचे परीक्षण

पेलेट स्मोकर म्हणजे भुसा दाबून केलेल्या लहान गोळ्या, अर्थात पेलेट, जाळून त्यांच्या धुरावर आणि उष्णतेवर अन्न शिजवणारे यंत्र. ते नव्याने घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा एकच असते, आणि ती म्हणजे धुराड्यातून निघायला हवा तो धूर झाकणाच्या कडांमधून निघतो. प्रस्तुत परीक्षण ज्या यंत्राचे आहे ते मध्यम आकाराचे, आडव्या पिंपाच्या घडणीचे आहे. त्याच्या एका टोकाला पेलेट साठवण्याचा हॉपर आहे, दुसऱ्या टोकाला उभे धुराडे आहे, झाकण एकपदरी पत्र्याचे आहे आणि झाकण व पिंप यांच्यामध्ये कारखान्यातून कोणतेही गास्केट, म्हणजे फट बुजवणारी पट्टी, बसवून येत नाही. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण या वर्गातील बहुतेक यंत्रांची अंतर्गत रचना इतकी सारखी असते की येथे नोंदवलेले गुणदोष थोड्याफार फरकाने सर्वांना लागू पडतात. यंत्रासोबतच गळती थांबवण्यासाठी बाजारात मिळणारी फेल्टची चिकटपट्टी, उष्णतारोधक सिलिकॉन आणि झाकणाच्या कड्या यांचाही विचार केला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: झाकणाची गळती हा या यंत्राचा सर्वांत ठळक दिसणारा आणि सर्वांत कमी महत्त्वाचा दोष आहे, आणि हवेची वाट न तपासता जो ती बुजवायला घेतो तो यंत्र बिघडवण्याचा धोका पत्करतो.

या यंत्रात हवा ओढली जात नाही, ढकलली जाते. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे. कोळशाच्या स्मोकरमध्ये गरम हवा धुराड्यातून वर चढते, त्यामुळे आत किंचित कमी दाब तयार होतो आणि खालच्या झरोक्यातून ताजी हवा आत येते. तेथे तळाला किंवा झाकणाला फट राहिली तर आगीला जादा हवा मिळून तापमान हाताबाहेर जाऊ शकते. कोळशावर शिकलेली माणसे प्रत्येक फट बुजवायला धावतात ती याच कारणाने, आणि तेथे त्यांचे बरोबरच असते. पेलेट स्मोकरमध्ये मात्र हॉपरखाली असलेला छोटा विजेचा पंखा हवा जळणाच्या भांड्याच्या छिद्रांतून आत सारतो, ऑगर म्हणून ओळखला जाणारा स्क्रू ठरावीक अंतराने पेलेट भांड्यात लोटतो, आणि कंट्रोलर आतल्या सेन्सरवरून तापमान जोखून या दोघांना चालवतो. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात जो ट्रेगर यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यास ही मांडणी तयार केली आणि १९८६ मध्ये तिचे पेटंट मिळवले. त्यानंतर कंट्रोलर पुष्कळ सुधारले, पण पंखा, ऑगर आणि भांडे हे त्रिकूट आजही जवळपास तसेच आहे. पंख्यामुळे पिंपातला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक राहतो. त्यामुळे झाकणाच्या फटीतून धूर बाहेर जातो, पण बाहेरची हवा आगीपर्यंत पोहोचत नाही आणि आग त्या फटीमुळे भडकत नाही.

आत जाणाऱ्या हवेचा अंदाज घेतला की प्रश्नाचे खरे स्वरूप कळते. धुरावर मंद शिजवण्याच्या नेहमीच्या पट्ट्यात, म्हणजे १०७ ते १२१ अंश सेल्सिअसला, अशा यंत्राला तासाला साधारण पाव ते अर्धा किलो पेलेट लागतात. १ किलो कोरडे लाकूड पूर्ण जळण्यासाठी किमान सुमारे ६ किलो हवा लागते. म्हणजे अर्ध्या किलोला ३ किलो, आकारमानात सुमारे अडीच घनमीटर, आणि पंखा प्रत्यक्षात याहून बरीच अधिक हवा देतो. त्याखेरीज लाकूड जळताना त्यातील हायड्रोजनपासून पाण्याची वाफ तयार होते आणि शिजणाऱ्या अन्नातूनही ओलावा निघतो. ही सगळी हवा, वाफ आणि धूर यांना सतत बाहेर पडायला वाट हवी. वाट धुराड्यातून मोकळी असेल तर बराचसा भाग तिकडून जातो. ती अडली तर तो झाकणातून जातो. झाकणही घट्ट बंद केले तर उरलेली वाट एकच, आणि ती हॉपरकडे जाते.

म्हणून यंत्र विकत घेताना झाकणापेक्षा हॉपरकडे अधिक वेळ पाहावे असे माझे मत आहे. ऑगरची नळी ही जळणाचे भांडे आणि पेलेटचा साठा यांना जोडणारा सताड उघडा मार्ग आहे. बहुतेक रचनांमध्ये पंख्याची हवा भांड्याभोवतीच्या पोकळीत भरते आणि तिचा थोडा अंश ऑगरच्या बाजूनेही भांड्याकडे वाहतो. हा पुढे जाणारा झोत आणि नळीत दाटलेले पेलेट मिळून ज्वाळेला पुढेच रोखून धरतात. पिंपातून धूर बाहेर पडेनासा झाला की हा तोल बिघडतो, गरम धूर नळीतून उलटा चढतो, आणि त्या नळीतले पेलेट धुमसू लागले तर आग हॉपरच्या दिशेने मागे सरकते. साठा तळाला गेलेला असेल तर धोका वाढतो, कारण धुराला अडवणारा पेलेटचा थर पातळ झालेला असतो. परीक्षणातील यंत्रात हॉपरचे झाकण बिजागरीच्या बाजूला नीट टेकते, पण समोरच्या कोपऱ्यात सैल राहते, आणि तेथेही गास्केट नाही. सैल झाकण म्हणजे उलट्या धुराला मिळालेली सोपी वाट. ही उणीव कंपनीने ठेवायला नको होती. मुख्य झाकणाची फट मी एक वेळ माफ करीन, ही करणार नाही.

हॉपरचे झाकण उघडल्यावर धूर दिसला, आतल्या पृष्ठभागावर तपकिरी चिकट डाग आढळले, किंवा पेलेटना डांबरासारखा वास येऊ लागला, तर मुख्य झाकणाच्या गळतीची चर्चा तेथेच थांबवावी. त्या वेळी नवी पट्टी चिकटवणे हा उपाय नव्हे. धुराडे, चरबीचा पत्रा, भांडे आणि पंखा हा क्रम धरून अडथळा शोधावा.

धुराड्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. या यंत्राची टोपी आट्यांवर वरखाली होते आणि ती नळीपासून ४ ते ५ सेंटीमीटर उंच ठेवली की काम भागते. टोपी खाली फिरवून धूर आत कोंडून ठेवता येतो आणि त्यामुळे चव वाढते, हा समज मात्र चुकीचा आहे. कोंडलेला धूर शिळा आणि ओलसर होतो, त्यातील डांबरी घटक थंड पृष्ठभागांवर आणि अन्नावर बसतात, कडवटपणा येतो, आणि शेवटी तेवढाच धूर झाकणातून बाहेर येतो. अन्नाला हवा असतो तो सतत वाहणारा, पातळ, निळसर छटेचा धूर.

चरबीच्या पत्र्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते. जळणाच्या भांड्यावर उष्णता पसरवणारा जाड पत्रा असतो, त्याच्यावर चरबी वाहून नेणारा उतरता पत्रा असतो, आणि गरम हवा या पत्र्यांच्या कडांना वळसा घालून वर येते. साफसफाई टळावी म्हणून अनेकजण चरबीच्या पत्र्यावर ॲल्युमिनियम फॉइल पसरतात. ती कडांच्या बाहेर लोंबू दिली किंवा जाळीवर भिंतीला भिडेल एवढे मोठे ताट ठेवले, तर हीच वाट बंद होते. मग एका टोकाला जाळी तापते, दुसरे टोक गार राहते, आणि धूर जवळच्या फटीतून बाहेर पडतो. परीक्षणातील यंत्रात पत्रा बसवायच्या खाचा पुरेशा खोल नाहीत, त्यामुळे तो साफ करून परत ठेवताना सहज तिरका बसतो. बसवल्यावर दोन्ही कडांना सारखे अंतर आहे का हे हाताने चाचपून पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते, आणि ही सवय लागेपर्यंत एका बाजूच्या जास्त तापमानाचा दोष माणूस गास्केट नसण्याला देत राहतो.

आता राखेविषयी. चांगल्या प्रतीच्या पेलेटमध्ये राखेचे प्रमाण १ टक्का किंवा त्याहून कमी असते. म्हणजे ९ किलोच्या पिशवीमागे ९० ग्रॅमपर्यंत राख. आकडा लहान वाटतो, पण जळणाचे भांडे मुठीएवढे असते आणि त्याची छिद्रे बारीक असतात. राखेने खालची छिद्रे बुजली की भांड्यातील पेलेट धड पेटत नाहीत, धुमसतात, आणि दाट पांढरा धूर निघू लागतो. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे: झाकणाची फट तेवढीच राहते, पण तिच्यातून दिसणारा धूर कितीतरी वाढतो. म्हणजे गळती वाढली असे जे वाटते ते अनेकदा ज्वलन बिघडल्याचे लक्षण असते. भांडे साफ केले, राख काढली आणि छिद्रे तारेने मोकळी केली, की त्याच फटीतून जाणारा धूर इतका विरळ होतो की तो डोळ्यांना जाणवत नाही. ओल्या पेलेटचा परिणामही असाच होतो. भुसा दाबून केलेल्या या गोळ्यांना बांधून ठेवणारे मुख्य द्रव्य लाकडातलेच लिग्निन असते. पाणी लागले की त्या फुगतात, सुटून परत भुसा होतात आणि ऑगरमध्ये घट्ट बसतात. चांगली पेलेट बोटांनी मोडताना कटकन तुटते आणि तिचा पृष्ठभाग गुळगुळीत, किंचित चमकदार असतो. पिशवीच्या तळाचा भुसा हॉपरमध्ये ओतू नये, चाळून टाकावा.

पंख्याबाबत यंत्राला चांगले गुण देता येतील. तो हॉपरखाली जाळीमागे आहे आणि चार स्क्रू काढले की हातात येतो, त्यामुळे पात्यांवर साचलेली धूळ, केस आणि कोळिष्टके काढणे सोपे जाते. पात्यांवरचा थर जाड झाला की झोत मंदावतो, तरी आवाज तसाच येत राहतो, आणि म्हणून दोष लवकर ध्यानात येत नाही. कंट्रोलर पीआयडी पद्धतीचा, म्हणजे ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष तापमानातील फरक सतत मोजून आग थोडी थोडी कमीजास्त करणारा आहे. तो तापमान ठरवलेल्या अंशाच्या बराच जवळ राखतो, पण आग लहान आणि स्वच्छ ठेवत असल्यामुळे धूरही कमी देतो. ज्यांना धुराची चव ठळक हवी त्यांनी धूर वाढवण्याची वेगळी सोय असलेली यंत्रे पाहावीत. एक तक्रार सेन्सरच्या जागेविषयी आहे. तो हॉपरच्या बाजूच्या भिंतीवर, झाकणाच्या कोपऱ्यापासून जवळ आहे, आणि त्या कोपऱ्यातून गरम हवा जोरात बाहेर जात असेल तर सेन्सरपाशी मधल्या जाळीपेक्षा वेगळे तापमान दिसते. त्यावर काजळीचा थर जमला की तो बदल उशिरा दाखवतो, म्हणून भांडे साफ करताना सेन्सरही पुसून घ्यावा.

एवढे सगळे तपासून झाल्यावरच झाकणाकडे वळावे. फटी शोधण्याचे दोन मार्ग पुरेसे आहेत. यंत्र थंड असताना कागदाची पट्टी झाकणाच्या कडेखाली ठेवून झाकण मिटावे आणि ती ओढावी. जेथे ती अडखळत नाही तेथे फट आहे. अंधारात पिंपात बॅटरी पेटवून ठेवली तर उजेडाच्या रेघा जागा दाखवतात. या यंत्रात दोन्ही टोकांना, जेथे झाकणाची सपाट बाजू पिंपाच्या गोल कडेला मिळते, तेथे जास्त फट आहे, आणि मधल्या भागात पत्रा बऱ्यापैकी टेकतो. बिजागऱ्यांच्या स्क्रूची भोके लांबट असल्यामुळे झाकण थोडे सरकवता येते. पट्टीचा विचार करण्याआधी स्क्रू ढिले करून, झाकण दोन्ही बाजूंना सारखे बसवून, पुन्हा आवळून पाहावे; बऱ्याच यंत्रांत एवढ्यानेच फटीचा मोठा भाग मिटतो. शिवाय वापर वाढत जातो तशी चरबी आणि काजळी कडांवर बसून बारीक फटी आपोआप भरतात, त्यामुळे अगदी नव्या यंत्रावर निर्णय घेण्याची घाई नको.

बाजारातील गास्केटांपैकी सर्वांत प्रचलित आहे ती नोमेक्स या उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम (ॲरामिड) तंतूच्या फेल्टची, मागे गोंद असलेली पट्टी. तंतू म्हणून नोमेक्स उत्तम आहे: ते वितळत नाही आणि सुमारे २०० अंशांपर्यंतचे तापमान दीर्घकाळ सहन करते. धुरावर शिजवण्यासाठी एवढे भरपूर झाले. पण हेच यंत्र कोणी २३० ते २६० अंशांवर भाजण्यासाठी वारंवार वापरत असेल, तर पट्टी कडक होऊन तिचे तुकडे पडू लागतात, आणि तंतू टिकला तरी गोंद आधी सुटतो. पट्टीचे यशापयश बसवण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. कडेवरचा तेलकट थर खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसून, पत्रा पूर्ण कोरडा झाल्यावर पट्टी न ताणता बसवावी, कारण ताणलेली पट्टी पुढे आखडते आणि कोपऱ्यात उघडी पडते. बसवल्यावर झाकण दिवसभर मिटून ठेवावे, म्हणजे दाबाने गोंद धरतो. बिजागरीच्या बाजूला जाड पट्टी लावू नये. तेथे ती लावली की झाकण मागून उचलले जाते आणि समोर नवी फट तयार होते. मी वापरलेल्या पट्टीचा फेल्ट समाधानकारक निघाला, गोंद मात्र सामान्य. टोकांपाशी तो उचलला गेला आणि तेथे सिलिकॉनचे थेंब द्यावे लागले.

काचतंतूची दोरी यापेक्षा पुष्कळ अधिक तापमान सोसते, पण ती गोल असल्यामुळे तिला बसायला खाच लागते. या यंत्राच्या सपाट कडेवर ती लोळते, आणि घासून सुटलेले काचेचे तंतू अन्नाजवळ नको असतात, म्हणून झाकणासाठी मी तिची शिफारस करत नाही. उष्णतारोधक सिलिकॉन हलणाऱ्या भागांसाठी नसून जोडांसाठी आहे: धुराड्याची बैठक, पिंपाच्या टोकांचे शिवण, सेन्सरची वायर आत येते ते भोक. अन्नाच्या सान्निध्यात चालेल असे स्पष्ट लिहिलेलेच सिलिकॉन घ्यावे, आणि ते पूर्ण सुकल्यावर यंत्र एकदा रिकामे तापवून घ्यावे. झाकणाच्या कड्या स्वस्त आणि परिणामकारक आहेत, तरी माझा त्यांना अर्धाच होकार आहे. पत्रा आवळून फट मिटते हे खरे, पण भांड्यातील आग विझून न जळलेला वायू आत साठला आणि अचानक पेट घेतला, तर सैल झाकण उघडून दाब निघून जातो. आवळलेल्या झाकणाला तशी मोकळीक राहत नाही. कडी लावायचीच असेल तर ती आग स्थिर झाल्यानंतर लावावी, पेटवताना कधीही नाही.

पेटवण्याच्या पहिल्या काही मिनिटांत दाट पांढरा धूर सगळीकडून येणारच, आणि त्यावरून गळतीचा निवाडा करू नये. आग मध्येच विझली तर मात्र थेट पुन्हा सुरू करण्याचे बटण दाबू नये. यंत्र बंद करून, ते थंड झाल्यावर भांड्यात साचलेले पेलेट काढून, मगच नव्याने पेटवावे. बंद करताना पंखा काही मिनिटे चालू राहतो तो उरलेले पेलेट जाळून टाकण्यासाठी. त्या आधी प्लग काढला की धुमसते पेलेट आणि ऑगरची नळी यांच्यामधला झोत नाहीसा होतो, आणि वर सांगितलेला उलटा प्रवास सुरू होण्यास तेवढे पुरते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे धूर कमी दिसतो म्हणून हे यंत्र छपराखालच्या बंदिस्त जागेत किंवा गॅरेजमध्ये नेऊ नये, मग गास्केट कितीही चांगले असो.

पट्टी बसवल्याने काय साधले याचा हिशेब मर्यादित आहे. वारा असताना तापमानाची चढउतार कमी झाली, टोकाकडील कोपरे मधल्या जाळीच्या थोडे जवळ आले, झाकणाच्या बाहेरच्या रंगावर पडणारे तपकिरी ओघळ थांबले, आणि धुराड्यातून येणारा धूर डोळ्यांना अधिक दिसू लागला. अन्नाच्या चवीत मला फरक जाणवला नाही. पेलेटच्या खपातही लक्षात येण्याजोगी घट झाली नाही, आणि याचे कारण उघड आहे: एकपदरी पत्र्यातून भिंतींवाटे जाणारी उष्णता तशीच राहते. थंड किंवा वाऱ्याच्या दिवसांत वापर अधिक असेल तर पट्टीपेक्षा पिंपावर घालण्याचे उष्णतारोधक आच्छादन अधिक उपयोगी पडते, फक्त त्याने धुराडे आणि पंख्याचे तोंड झाकले जाता कामा नये. यंत्र ठेवताना धुराड्याचे किंवा मागच्या झरोक्यांचे तोंड वाऱ्याच्या समोर येणार नाही असे पाहावे. मागच्या बाजूला रुंद झरोके असलेल्या नव्या रचनांमध्ये हवेला वाट मोठी मिळते, म्हणून झाकणातून धूर कमी येतो; पण वारा थेट त्या झरोक्यांत शिरला तर त्याच रचना अधिक लवकर अडचणीत येतात.

उभ्या कपाटासारखे पेलेट स्मोकर घेणाऱ्यांनी हे मोजमाप थोडे बदलावे. तेथे गरम धूर वर साचतो आणि दाराच्या वरच्या कडेवर जोर देतो, त्यामुळे कारखान्यातून आलेले गास्केट आणि दाराची कडी यांना खरोखर महत्त्व आहे, आणि ते नसलेले कपाट मी घेणार नाही. आडव्या पिंपाच्या बाबतीत माझी निवड हॉपरच्या झाकणाची बैठक, पंखा काढण्याची सोय आणि चरबीच्या पत्र्याच्या खाचा पाहून ठरेल. परीक्षणातील यंत्राला यांपैकी पंख्यासाठी पूर्ण गुण, खाचांसाठी निम्मे आणि हॉपरच्या झाकणासाठी शून्य मिळतात. त्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत चरबीचा डबा कसा टांगायचा याची सविस्तर आकृती आहे, पण धुराड्याची टोपी किती उंच ठेवायची याबद्दल एक ओळही नाही.